सोमवारची तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

माझ्याकडे यायची, सोमवारची मांडवी एक्स्प्रेसची तुमची दोन तिकिटं काढली. चिपळूणपर्यंत बंड्या गाडीने सोडेल. न विचारता काढली म्हणून रागावू नका. बाबांच्या पायाच्या जखमेतला पू तपासल्याचा कागद आला त्या रात्री मला झोप लागली नाही. सुडोमोनास नावाचा जंतू, आणि खाली औषधांच्या नावांपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’. म्हणजे ती त्याला लागूच पडत नाहीत. दोनच उरलीत, तीही शिरेतून द्यायची. गुहागरात घरी बसून ते कसं व्हायचं? नानाकाकांचा विषय मी काढत नाही. तुम्हाला आठवतंच आहे.

आई, तू पायाला दही बांधलंस म्हणून मी फोनवर ओरडले, चुकलं माझं. दह्यातल्यासारखे जंतू जखमेवर उपयोगी पडतात असं तू वाचलंस, ते खोटं नाही. अर्जेंटिनात भाजलेल्या जखमांवर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा तसलाच एक जंतू लावून पाहिलाय, २००९ साली ते छापूनही आलं. तो आम्ल सोडतो, सुडोमोनासचे आपापसातले निरोप तोडतो, त्यांनी जखमेवर धरलेली बुळबुळीत साय धरू देत नाही. पण ती निवडून, शुद्ध वाढवून, मोजून घेतलेली एकच जात. आपल्या विरजणात कायकाय असतं, कोण जाणे! साखर वाढलेल्या माणसाच्या उघड्या जखमेत ते नको गं. दही पानात वाढ, पायावर नको.

बाबा, गोळ्या चौथ्या दिवशी सोडल्यात ना? कमी औषधाने जंतू मरत नाहीत, सरावतात, हे पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेतानाच बजावलं होतं. असो, झालं ते झालं.

माझ्या टाचेत कालवाची शिंप घुसली होती, तेव्हा पडवीत आईला कंदील धरायला लावून तुम्ही तासभर सुईने कपची काढत होतात. मी रडले की तुम्हीच ‘हाय हाय’ करायचात. त्याच कालवांनी आता तुमचा पाय धरलाय. या वेळी कंदील मी धरते.

इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, खिडकीपाशी पलंग लावलाय. मऊ भात, कुळथाचं पिठलं रोज मिळेल. आगराला पाणी बंड्या घालेल, त्याच्याशी बोलले आहे.

तोवर अनवाणी खळ्यात उतरायचं नाही. साखर रोज तपासून वहीत लिहायची. सगळे कागद पिशवीत घ्या. आणि आई, विरजणाची बरणी आण. इथल्या दह्याला ती चव नाही.

तुमची,
सुमी