जसाच्या तसा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ज्यू समाजावरचा लेख वाचला. आमच्याबद्दल मराठीत कुणी आस्थेने लिहिलं की बरं वाटतं. पण ‘इतके आघात सोसूनही ज्यूंनी आपला धर्म जसाच्या तसा जपला’ हे त्यातलं वाक्य खटकलं, म्हणून हे पत्र. मी ठाण्यातल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातली. आमचा धर्म जसाच्या तसा कधीच राहिला नाही. प्रत्येक मोठ्या आघाताने तो बदलला, आणि तो बदलताना लोकांना काय काय सोसावं लागलं, हे कौतुकाच्या त्या एका वाक्याखाली झाकलं जातं.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि बळी देण्याची उपासनाच संपली. योहानान बेन झक्काई आणि यावने इथले पंडित यांनी प्रार्थना आणि अध्ययन यांच्या बळावर धर्म पुन्हा उभा केला. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

वडील गेले तेव्हा भावाने त्यांच्यासाठी कादिश ही प्रार्थना म्हटली. त्यासाठी दहा पुरुष लागतात. आमची निम्मी माणसं इस्रायलला गेलेली, त्यामुळे कामाच्या दिवशी दहावा माणूस येईपर्यंत सगळे सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, ओसरीवर ताटकळत. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, आहे ती फक्त देवाच्या नावाची स्तुती. मूळ प्रार्थना जुनी. पण आईबापांमागे मुलाने ती म्हणायची, ही रीत रुजली मध्ययुगीन जर्मन प्रदेशात. १०९६ साली पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, झुंडींनी ऱ्हाइनकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ इथल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले, हजारो माणसं मेली. मेलेल्यांची नावं वह्यांत लिहून सिनेगॉगमध्ये वाचण्याची प्रथा तिथे पुढे वाढली. कादिशची रीतही त्याच दुःखातून बळावली, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या गावांशी आमचा काही संबंध नव्हता, तरी त्यांची रीत फिरत फिरत आमच्यापर्यंत आली.

पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. पुस्तकं गेली, रब्बी म्हणजे धर्मगुरू गेले, धर्म उरला तो घरातल्या बायकांच्या तोंडी. इराणच्या राजवाड्यात आपण ज्यू असल्याचं लपवून राहिलेली बायबलमधली एस्तेर राणी त्यांना फार जवळची वाटली. तिच्या आठवणीचा सण असलेल्या पुरीमचा जल्लोष उघडपणे करणं शक्य नव्हतं, तेव्हा सणाआधीचा एस्तेरचा उपासच मोठा झाला; कुठे कुठे तर तो तीन-तीन दिवस पाळत. पोर्तुगालच्याच बेलमोंते गावातली अशी कुटुंबं विसाव्या शतकाच्या अखेरीला उघडपणे ज्यू म्हणून पुढे आली. १९९६ साली तिथे सिनेगॉगही उघडलं. शास्त्राच्या फूटपट्टीने मोजायला गेलं तर त्या आज्यांचा धर्म चुकांनी भरलेला होता. मला तो फार थोर वाटतो.

आणि नाझींच्या संहारातून वाचलेल्यांच्या, १९४५ नंतरच्या निर्वासित छावण्या. आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे नवरा बेपत्ता असेल आणि तो मेल्याचा पुरावा नसेल तर बाईला दुसरं लग्न करता येत नाही. अशा स्त्रीला अगुना म्हणतात. तिने लग्न केलं आणि पहिला नवरा जिवंत निघाला, तर दुसऱ्या लग्नाच्या मुलांना समाजात लग्न करणं जवळपास अशक्य होतं. आता विचार करा, ज्यांचे नवरे गॅसच्या कोठड्यांत गेले त्यांनी साक्षीदार आणायचा कुठून? प्रेत नाही, थडगं नाही, दाखला नाही. जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत आणि इतरत्र रब्बींनी एकेका बाईचं प्रकरण हातात घेतलं. कोणत्या गाडीने नेलं, कोणत्या रांगेत उभं केलं, त्या रांगेतून कुणी परत आलं का, हे विचारून शक्य तिथे मृत्यू मान्य केला आणि तिला मोकळं केलं. या रब्बींपैकी अनेकांची स्वतःची बायकामुलंही मारली गेली होती. धर्म टिकवणं ते हे. कायदा जसाच्या तसा ठेवला असता तर त्या बाया जन्मभर अडकून पडल्या असत्या.

सगळ्यांची श्रद्धा टिकली असंही नाही. क्लाउझेनबुर्गचे रब्बी हालबरस्टाम बायको आणि अकरा मुलं गमावूनही कडक आचार पाळत राहिले, जर्मनीतल्या फोरेनवाल्डच्या निर्वासित छावणीत इतरांना उभं करत राहिले. उलट हंगेरीत कित्येक आईबापांनी आपण ज्यू आहोत हे मुलांना सांगितलंच नाही. लेखात पहिल्यांचा गौरव आहे, दुसऱ्यांचा उल्लेखही नाही. मुलांना पुन्हा तसल्या गाडीत चढावं लागू नये म्हणून गप्प बसलेल्या आईला मी कमी लेखणार नाही.

कोकणात आमचा असा छळ झाला नाही. आमचा धर्म बदलला तो कोचीन आणि बगदादकडच्या शिक्षकांच्या शिकवणीने, मराठीत छापलेल्या पोथ्यांनी, कीर्तनांनी. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने आम्ही मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतो, तोही इथलाच. बदल शांतपणेही होतो, हे आम्हाला घरातूनच ठाऊक आहे. म्हणून तर युरोपातल्या लोकांवर तो कसा लादला गेला हे जास्त टोचतं.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात छावण्यांतल्या अगुनांबद्दल आणि बेलमोंतेच्या बायकांबद्दल लिहावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे