घरगुती कॅम्पर : सजावटीआधी वजन पाहा

महोदय,

सामानाच्या ट्रेलरपासून घरच्या घरी कॅम्पर बनवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात पडदे, गादी आणि रंगसंगती यांवर भरपूर मजकूर होता, वजनाविषयी मात्र चकार शब्द नव्हता. अमेरिकेतील ओहायो राज्यात राहून मी ४ बाय ८ फुटांच्या साध्या ट्रेलरवर अशी झोपण्यापुरती खोली बांधली आहे (माप सोयीचे, कारण प्लायवूडचा अखंड तक्ता तेवढाच असतो), म्हणून हे लिहितो.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हूकवर यावा लागतो. मी पाण्याची टाकी आणि बॅटरी अगदी मागे बसवल्यामुळे तो घटला आणि पहिल्याच प्रवासात, महामार्गावर वेग वाढताच, ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोलू लागला. घरी परतल्यावर पुढचा दांडा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवून मोजला, दोन्ही वस्तू चाकांच्या पुढे आणल्या आणि तो त्रास थांबला.

थंडीत दोन माणसांच्या श्वासाने छताला आतून घाम फुटतो, तेव्हा वायुवीजनाची झडप हवीच. गॅसची शेगडी मात्र आत नको, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो.

भारतात असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल त्यानुसार करता येत नाहीत, त्यामुळे करवत हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी.

आपला,
एक वाचक, ओहायो