कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र नोंद व्हावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिरोळ तालुक्यात आमचा अडीच एकर ऊस आहे आणि दरवर्षी दिवाळीनंतर बीडकडची एखादी ऊसतोड मजुरांची टोळी आमच्या शिवारात उतरते. गेल्या हंगामात विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात त्यांच्या आठ कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. एके पहाटे मोटार सुरू करायला गेले, तेव्हा टोळीतल्या तीन बाया बांधाच्या कडेकडेने अंधारातून परत येताना दिसल्या. मी चौकशी केल्यावर त्यांतली थोरली म्हणाली, "उजाडल्यावर कुठं जायचं ताई? आता जाऊन आलं की मग रात्रीच." ऊस उभा असतो तोवर निदान आडोसा असतो, तोडणी पुढे सरकते तसा तोही नाहीसा होतो. म्हणून या बाया दिवसभर उन्हात राबूनही पाणी बेतानेच पितात.

पाळीच्या दिवसांत हे हाल अधिकच वाढतात. कपडा धुवायला पाटाचे पाणी, वाळत घालायला कोपीतली दोरी आणि तोही लुगड्याखाली झाकून, त्यामुळे तो पुरता वाळतच नाही. त्यातच दिवसभर वाकून तोडणी करायची, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे ही दुखणी अंगावर काढली जातात, कारण एक दिवस घरी बसले तर खाडा लागतो आणि तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात चढतो. शेवटी डॉक्टरकडे जायची वेळ येते, तेव्हा 'पिशवी काढून टाका' हा सल्ला तिला सुटकेचा मार्ग वाटू लागतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची आकडेवारी आली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे जवळपास दर सहा बायांमागे एक. त्यानंतर अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले, ते योग्यच झाले. परंतु ज्या परिस्थितीमुळे बाई त्या टेबलापर्यंत पोहोचते, ती परिस्थिती फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, होती तशीच आहे.

याचे मूळ, माझ्या मते, हिशेबाच्या पद्धतीत आहे. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती येते, व्यवहार त्याच्या नावावर होतो आणि निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसते. जिचे नाव नाही, तिच्या बाळंतपणाची रजा कोणाकडे मागायची? फळीवरून पडून कंबर मोडली तर ती कामगार होती हे दाखवायचे कसे? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढ हवीच होती, पण ती कोयत्याच्या खात्यात जमा होते, आणि त्यातले तिचे किती हे घरातसुद्धा कोणी मोजत नाही. म्हणून प्रत्येक बाईची ऊसतोड कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच बँक खात्यात जमा व्हावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी साखर आयुक्तालयाकडे आहे. आयुक्तालयाच्या गाळप परवान्याशिवाय कारखान्याचे धुराडे पेटत नाही. त्याच परवान्यात, टोळ्या जिथे उतरतात तिथे पिण्याचे पाणी, न्हाणीघर आणि शौचालय देण्याची अट घालावी व हंगामात प्रत्यक्ष फडावर जाऊन तिची तपासणी करावी. टोळ्या सतत हलतात, हे कारण पुढे केले जाते. पण पंढरीच्या वाटेवर लाखो वारकऱ्यांसाठी फिरती शौचालये उभी राहतात, तर पाच महिने एकाच तालुक्यात वावरणाऱ्या टोळ्यांसाठी ती ट्रॅक्टरला जोडून नेणे अशक्य नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा आणि तेवढीच भर शासनाने घालण्याचा निर्णय झालेला आहे. या निधीचा पहिला हिस्सा याच कामासाठी राखून ठेवावा.

आम्हा शेतकऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. इतकी वर्षे आम्ही टोळीला जागा दिली, विहिरीचे पाणी दिले आणि जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मात्र हक्काने मागून घेतले. या बाया पहाटे कुठे जातात हे कधी विचारले नाही. यंदा आम्ही त्या पडीक तुकड्यात पत्र्याचे न्हाणीघर आणि शोषखड्ड्याचे शौचालय बांधायला घेतले आहे. परंतु आमच्याकडे उतरलेली टोळी हंगामात पुढे दुसऱ्या गावाच्या फडात जाईल आणि तिथे पुन्हा उसाचाच आडोसा असेल. म्हणून यंदाचे गाळप परवाने निघण्यापूर्वीच आयुक्तालयाने ही अट जाहीर करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक ऊस उत्पादक शेतकरी महिला
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर