छातीवरच्या शेकाची नोंद मुलींच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनांच्या कर्करोगाबाबत चाळिशीनंतर तपासणी करून घेण्याचे आवाहन नेहमी वाचायला मिळते. परंतु लहानपणी कर्करोग झाल्यामुळे ज्यांना छातीवर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला, त्या मुलींसाठी चाळिशी फार उशिराची ठरते, हे त्या आवाहनांत कुठेच नसते.

माझ्या मुलीला तेराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाला होता. केमो आणि शेक घेऊन ती पूर्ण बरी झाली आणि तिच्या डॉक्टरांचे हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. मात्र वयात येताना वाढत असलेल्या स्तनांच्या पेशींवर किरण पडले, तर त्याचा परिणाम आठ-दहा वर्षांनी दिसू लागू शकतो, हे आम्हाला ती २९ वर्षांची झाल्यावर दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून कळले. बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्यांच्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत, छातीवर शेक घेतलेल्या स्त्रियांमध्ये पन्नाशीपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के आढळले. स्तनांच्या कर्करोगाची शक्यता वाढवणारा बीआरसीए-१ हा जन्मजात जनुकदोष असलेल्या स्त्रियांची जोखीमही जवळपास एवढीच असते. म्हणून तेथील तज्ज्ञ वयाच्या २५व्या वर्षापासून किंवा शेकानंतर ८ वर्षांनी, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि एमआरआय करायला सांगतात. माझ्या मुलीची ४ वर्षे अशीच गेली.

तपासणीला गेलो, तेव्हा ‘एवढ्या लहान वयात कशाला?’ असे विचारले गेले आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. डिस्चार्ज कार्डावर शेक पूर्ण झाल्याची एका ओळीची नोंद होती. किती ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) दिला, कोणत्या भागावर दिला, काही नाही. शिवाय लग्न जमवताना आपल्याकडे असा आजार सांगितला जात नाही, फाइल माहेरच्या कपाटात राहते आणि फॉलोअप तिथेच थांबतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. तशी सोय सगळीकडे होईल तेव्हा होवो. पण उपचारांचा मराठीतला गोषवारा, शेकाच्या मात्रेसह आणि पुढच्या तपासण्यांच्या वयासह, प्रत्येक मुलीला देणे आजही शक्य आहे. काही केमो औषधांनीही ही जोखीम वाढते, तेव्हा त्यांची नावेही त्यात हवीत. आता शेकाची मात्रा कमी झाली आहे, काही मुलांना तो द्यावाही लागत नाही. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या मुलींना रुग्णालयांनी जुन्या नोंदी काढून पत्रे पाठवावीत. माझ्या मुलीबरोबर आणखी दोघी शेक घ्यायला येत असत. त्यांचे पत्ते आमच्याकडे नाहीत, रुग्णालयाकडे असतील.

– एक आई, सातारा