आधी बुंध्याला टकटक कर

लोकमान्य नगर, इंदूर
रामनवमी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. कोथरूडच्या बंगल्यामागचा सिल्व्हर ओक काढायचाय आणि ठेकेदार ‘अर्ध्या दिवसात आडवा करतो साहेब’ म्हणतोय, हे वाचलं आणि फोनच उचलणार होतो. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून हा कागद, आणि तो सावकाश वाच.

आमचा मागच्या अंगणातला गुलमोहर आम्ही रंगपंचमीनंतर उतरवला. ज्याच्या शेंगांच्या तलवारी करून आपण एकमेकांची डोकी फोडायचो आणि ज्याची ती एक पांढरी ठिपक्यांची आंबट पाकळी तू मुठीमुठीने खायचास, तोच. घरात कोणालाच तो काढायचा नव्हता. पण गेल्या पावसाळ्यात बुंध्याशी, पश्चिमेच्या बाजूला, जमिनीलगत तपकिरी, चकाकत्या पाठीच्या आणि पांढऱ्या काठाच्या अळंब्या फुटल्या. गॅनोडर्मा म्हणतात त्याला. ती बुरशी बाहेर दिसायला लागली म्हणजे आत मुळांचा आणि बुंध्याचा फडशा बराच पडलेला असतो. वर झाड हिरवंगार, फुललेलं. खाली पाय कुजलेले. त्यात आपली माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगणं, आणि गुलमोहराची मुळं मुळातच उथळ, आडवी पसरणारी. दसऱ्यापर्यंत पूर्वेकडची जमीन बोटभर उचललेली स्पष्ट दिसायला लागली. म्हणजे झाड पश्चिमेला, शेजारच्यांच्या स्वयंपाकघराकडे कलत होतं.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे शहरी झाडांसाठी २००१ चा मध्य प्रदेशचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलंही झाड तोडता येत नाही. अर्ज केला, फोटो जोडले, महानगरपालिकेच्या उद्यान विभागाचा माणूस येऊन बघून गेला, बदल्यात झाडं लावायची अट घातली, झालं. तुझ्याकडे १९७५ चा कायदा आहे आणि पुणे मनपाचं वृक्ष प्राधिकरण. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे ते हेरिटेज वृक्षात मोडतं, तेव्हा आधी वय नीट लाव. ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराकडून कागद हातात पडल्याशिवाय करवतीला हात लावू देऊ नकोस. दंड तुलाही होऊ शकतो.

आता खरी गोष्ट. इथे दोन ठेकेदार येऊन गेले. दोघांनीही झाडाकडे बघितलं कमी आणि गेटच्या रुंदीकडे जास्त. ट्रॉली आत येईल का, एवढीच चिंता. बुंध्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. मग माझ्याकडे दर रविवारी चहाला जमणारी जी मंडळी आहेत ना, तीच म्हणाली, आपण करू. त्यात जानापावचा डोंगर, पातालपाणीचा धबधबा धुंडाळणारी दोरवाली पोरं आहेत, बँकेतून निवृत्त होऊन लाकडी वाडगे कातत बसणारा एक हौशी सुतार आहे (चेनसॉ त्याची), पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्या एक बाई आहेत, आणि आमचे लाइनमन काका. काका वीज कंपनीत आयुष्यभर खांबावर चढले. आपले लोक अजून तिला एमपीईबीच म्हणतात.

तू म्हणशील, हौशी लोकांच्या हातात असलं काम द्यायचं? माझंही आधी तेच होतं. पण हौशी माणसाचं एक बरं असतं, त्याला संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जायचं नसतं. पैशावर आलेला माणूस घाई करतो, त्यात त्याचीही चूक नाही, त्याचं पोट घाईवर आहे. आमच्या लोकांनी मात्र पहिली करवत लागायच्या आधी इतके रविवार नुसता वाद घातला की बायको म्हणाली, तुमच्या बडबडीनेच पडेल ते झाड.

वाद कशावर? पोरांना दोर लावून झाडावर चढायचं होतं. काकांनी लाकडी मोगरी मागितली आणि बुंध्याभोवती खालून वर ठोकत गेले. पूर्वेकडे टणक, भरलेला आवाज. पश्चिमेकडे कमरेपर्यंत पोकळ. मग त्यांनी छत्रीची तार घेतली आणि अळंबीच्या वरच्या भेगेत घातली. कोपरापर्यंत गेली, अडखळलीच नाही. काका म्हणाले, “खांबा सडेला हो तो सीढ़ी खांबे से नहीं टिकाते, भिया.” बस, चढणं रद्द. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तुझ्या ओकाला हेच आधी कर. बुंधा, मोठ्या फांद्यांची बेचकी आणि जमिनीलगतची मुळं, सगळीकडे टकटक. झाड वठलेलं असेल किंवा पोकळ असेल तर त्यावर माणूस चढवायचा नाही, मग तो कितीही तरबेज असो.

आमचा उपाय असा निघाला. सेंट्रिंगवाल्याकडून पाइपांची परांची भाड्याने आणली आणि ती झाडाला न टेकवता स्वतंत्र उभी केली, खाली फळ्या, चारी बाजूंनी ताण. अंगणाच्या पूर्वेला आपला जुना कडुनिंब आहे. गुलमोहराच्या वरच्या भागाला दोन नाडे बांधून ते कडुनिंबाकडे ओढून ताणले, कल होता त्याच्या बरोबर उलट. सियागंजातून नाडा आणताना दुकानदार स्वस्तातला पिवळा प्लास्टिकचा गळ्यात मारत होता. तो घ्यायचा नाही. घासून गरम झाला की वितळतो. जाड नायलॉनचा घेतला. पोरांचा गिर्यारोहणाचा ताणणारा दोर असतो, तो माणूस पडला तर झेलायला. ओंडका खाली सोडताना तोच दोर ओंडक्याला झोके देतो. आणि लाकडाला वापरलेला दोर पुन्हा माणसाला लावायचा नाही, हा नियम पोरांनीच सांगितला. मला तो फार आवडला.

मी वाड्यातल्या विहिरीची पितळी कप्पी काढून दिली होती, घासून-पुसून. काकांनी आकडा बघितला, थोडा उघडलेला होता, आणि न बोलता ती माझ्या हातात परत ठेवली. पोरांच्या कप्पीवर भार किती पेलते ते कोरलेलं असतं. तीच लावली.

फांदी सोडायची रीत ऐक, कारण तुझा ठेकेदार हे करतो की नाही ते तुला कळलं पाहिजे. कापायच्या फांदीला आधी दोर. दोर वरच्या कप्पीवरून कडुनिंबाच्या बुंध्याशी, तिथे साल सोलू नये म्हणून पोतं गुंडाळून त्यावर तीन वेढे. तीन वेढ्यांनी घर्षण एवढं वाढतं की एकटा माणूस सावकाश सैल सोडत चांगलं वजन उतरवतो. मग फांदीला पहिला काप खालून, जाडीच्या पाव-तिहाई. दुसरा वरून, थोडा टोकाच्या बाजूला. वरूनच सरळ कापलं तर फांदी अर्ध्यात मोडते आणि सालीसकट बुंध्याची चिरफाड करत खाली येते, कधी कापणाऱ्याच्या अंगावर. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने.

तुकडे किती मोठे, यावर सुतारबुवा आणि पोरं यांचं जुंपलं. सुतारबुवांना वाडग्यांसाठी लांब ओंडके हवे होते. काकांनी हिशेब मांडला: ओलं लाकूड पाण्याच्याच आसपास जड धर. तीस सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर ओंडका म्हणजे सत्तर किलो. तो दोरावर मीटरभर जरी सुटून अडकला तरी झटका सत्तरचा बसत नाही, कैक पटीने बसतो, आणि तो झटका जातो कुठे? आपल्या कुजक्या बुंध्यात. तेव्हा दोन हातांत मावेल एवढाच तुकडा. सुतारबुवा दिवसभर फुगून होते. तसंही गुलमोहराचं लाकूड फिकट, हलकं, किडीचं लाडकं. त्यांना काय मोठं घबाड मिळणार होतं देव जाणे.

पक्षीवाल्या बाईंनी आदल्या दिवशी काठीला आरसा आणि टॉर्च बांधून एकेक ढोली तपासली. वरच्या वाळक्या फांदीत तांबटाने कोरलेलं गोल भोक होतं, रिकामं निघालं. तेवढा तुकडा त्यांनी सगळ्यांत आधी कापून घेतला आणि कडुनिंबावर बांधला. सध्या त्यात खारीने संसार मांडलाय, बाई नाराज आहेत.

दिवस रविवारचा धरला. वीज कंपनीच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन घराची सर्व्हिस लाइन बंद करून घेतली. ‘मेन स्विच पाडला’ एवढ्याने भागत नाही, खांबापासून घरापर्यंतची तार जिवंतच असते. खाली चुन्याने आखून घेतलं, त्या रेषेच्या आत हेल्मेटशिवाय कोणी नाही आणि वर काप चालू असताना कोणीच नाही. शेजारच्या वहिनींना मुलांसकट सकाळीच बहिणीकडे पाठवलं. काम थांबवायला कोणालाही मुभा, ‘काप’ म्हणायचा अधिकार मात्र एकट्या काकांचा. पोरांच्या कानामागे अजून रंगपंचमीच्या गेरेतला, म्हणजे मिरवणुकीतला, हिरवा-जांभळा रंग होता, पण त्या दिवशी एकानेही मस्करी केली नाही. ‘थांब’ मात्र सतत ऐकू यायचं. कधी दोर पायात, कधी वारा, एकदा तर गल्लीतलं कुत्रं रेषेच्या आत येऊन बसलं.

मार्चमध्ये गुलमोहराची पानं झडलेली असतात, त्यामुळे फांद्या हलक्या आणि कुठली कुठे गुंतलीय ते दिसतं. हे मुद्दाम साधलं होतं. सिल्व्हर ओकाची पानं अशी झडून जात नाहीत, तुला वजन जास्त पडेल हे लक्षात ठेव.

चेनसॉ खांद्याच्या वर न्यायची नाही, एका हाताने धरायची नाही, शिडीवरून तर नाहीच. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ती उसळून तोंडावर येते. त्यामुळे वरच्या बारीक फांद्या सगळ्या हातकरवतीने. सुतारबुवा मधूनमधून खाली वाकून भुसा चिमटीत घ्यायचे. किसासारखा असेल तर चालू, पिठासारखा झाला की मशीन बंद आणि कानस बाहेर. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावणारा माणूसच घसरतो.

खोड आम्ही वरून वितीवितीने खाली आणलं. एरवी सबंध झाड पाडताना पडायच्या बाजूला खाच घेतात, व्यासाच्या पाव ते तिहाई, मग मागून थोडा वर काप, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवतात. ती बिजागरी झाडाला दिशा देते. साठ सेंटिमीटरच्या बुंध्यात ती सहा सेंटिमीटर. आमच्याकडे त्या पट्टीसाठी लाकूडच नव्हतं. शिवाय पाडताना झाडाच्या दुप्पट उंचीएवढी जागा मोकळी लागते, ती लोकमान्य नगरात कुठून आणू? कमरेच्या उंचीला आल्यावर कापाचं तोंड दिसलं: पूर्वेला वीतभर चांगलं लाकूड, पश्चिमेला जेमतेम तीन बोटं, आणि मध्ये चहात भिजलेल्या टोस्टासारखा लगदा. त्यातून काळे मुंगळे निघाले ते थेट परांचीवर. सगळे गप्प होऊन बघत होते. दोन्ही ठेकेदार ह्यालाच दोर बांधून गडी चढवणार होते, बाळ्या.

अंधार पडायच्या आत परांची मोकळी झाली. नुकसान म्हणशील तर शेजारच्यांच्या पन्हाळीचा एक तुकडा. वहिनी परत आल्या त्या पोहे-जिलबी घेऊन. लाकूड दूधवाल्याने चुलीसाठी नेलं. फांद्यांचं काय करायचं यावर मात्र महापालिकेशी बरीच फोनाफोनी झाली. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ सलग पहिल्या नंबरावर राहिलेलं शहर, दारात पाला पडला तरी शेजारीपाजारी माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघत होते. खुंटाच्या जागी लगेच काही लावायचं नाही, बुरशी मुळांत राहते. बहाव्याची रोपं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला लावलीत.

तर तुझ्या ठेकेदाराला हाकलून दे असं मी म्हणत नाही. सगळं हौशींनीच करावं असंही नाही; काका नसते तर मी पोरांना अंगणात पाऊल टाकू दिलं नसतं. तुझ्याकडे काका नाहीत, तेव्हा पैसे मोजून चांगला माणूसच बघ. पण त्याला विचार: बुंधा ठोकून बघितलास का, तुकडे दोराने सोडणार की टाकणार, गड्यांचा विमा आहे का, लाइन कोण बंद करणार. आणि अर्ध्या दिवसाचं बोलणं सोडून दोन दिवसांचे पैसे स्वतःहून दे. घाईपायी गडी पडला तर ते फार महागात जाईल.

बुंध्याचे चारी बाजूंचे आणि मुळांजवळचे फोटो काढून पाठव, काकांना दाखवतो. अक्षय्य तृतीयेच्या आधी पाठव, नंतर ते मुलीकडे उज्जैनला जाणार आहेत. वहिनींना नमस्कार सांग आणि ॲडव्हान्स अजून दिला नसशील तर देऊ नकोस.

तुझा,
दादू