सिझरच्या टाक्याजवळची गाठ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अंगावरच्या गाठींवर लेख आला होता. चरबीची गाठ, गळू, हर्निया ही माहिती सोपी होती आणि बरोबरही होती. पण पोटावरच्या गाठीबद्दल ‘मऊ असेल तर चरबी, खोकल्यावर फुगली तर हर्निया’ एवढं सांगून लेखकाने विषय मिटवला. बायकांच्या पोटावर होणारी एक गाठ त्यातून सुटली. सिझरच्या जुन्या व्रणात, बहुतेक वेळा व्रणाच्या एका टोकाशी होणारी एन्डोमेट्रिऑसिसची, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी रुजून होणारी गाठ. ती दुर्मीळ आहे, मान्य. पण ओळखायला अवघड नाही, आणि तरीही ओळखली जात नाही, म्हणून हे पत्र.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मिरजेत बरीच वर्षं लॅब चालवली, आता फक्त स्लाइड बघायला जाते. आमच्या कामात पेशंट क्वचितच समोर येतो, ऑपरेशनमध्ये काढलेला त्याचा तुकडा तपासायला येतो. तोही नातेवाइकाच्या हातून, पिशवीत गुंडाळून. बाटली कसली असेल याचा नेम नाही. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आमच्याकडे नेहमीची. ऑपरेशन थिएटरमध्ये ताजा, लवचिक तुकडा तिच्या अरुंद तोंडातून आत कोंबला जातो, फॉर्मलिनमध्ये (तुकडा कुजू नये म्हणून घालायच्या द्रावणात) तो कडक होतो आणि मग बाहेर येत नाही. शेवटी टेक्निशियन फडक्यात गुंडाळून बाटली फोडतो. बरोबरच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि ‘पोटाची गाठ, फॅट?’ एवढाच मजकूर.

अशाच एका तुकड्याचा काप घेतला तेव्हा चरबी पिवळी दिसायच्या ऐवजी आत पांढरट, चिवट भाग दिसला आणि त्यात चॉकलेटी ठिपके. हे ठिपके म्हणजे साचलेलं जुनं रक्त. रिपोर्टची वाट बघत नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला विचारलं, सिझर झालंय का? म्हणाला, दोन्ही पोरं सिझरचीच. पाळीत गाठ दुखते का, या प्रश्नावर बिचारा जमिनीकडे बघायला लागला. मग त्याने घरी फोन लावून माझ्या हातात दिला. ती बाई म्हणाली, “दर महिन्याला फुगते, ठणकते, चार दिवसांनी बसते. डॉक्टरांनी इचारलंच न्हाई, मग मी तरी कसं सांगू? संगं सासूबाई हुत्या.”

ही गाठ का चुकते याचं निम्मं उत्तर त्या फोनवर मिळालं. उरलेलं आपल्या दवाखान्यांच्या वाटणीत आहे. पाळीची तक्रार असली की बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, पोटावर गाठ आली की सर्जनकडे. सर्जन गाठ दाबून बघतो, खोकायला लावतो, पाळीचं विचारणं त्याला आपलं काम वाटत नाही. गर्दीच्या ओपीडीत पडद्यापलीकडे पाच माणसं उभी असताना ती आपणहून बोलत नाही. बहुतेक वेळा बाळंतपणाला काही वर्षं उलटलेली असतात, त्यामुळे गाठीचा आणि सिझरचा काही संबंध असेल हे तिच्याही डोक्यात येत नाही. ‘टाका आत राहिला असेल’ असं म्हणून ती गाठ अंगावर काढते, कुणी अँटिबायोटिक देतं, कुणी गळू समजून चीर देतं.

आता ही गाठ होते कशी? गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. सिझर करताना गर्भाशय उघडावंच लागतं. त्या वेळी अस्तराच्या काही पेशी पोटाच्या भिंतीत सांडल्या आणि तिथे रुजल्या, तर त्या हार्मोन्सचा हुकूम तिथेही पाळतात. महिन्याच्या महिन्याला थोडं रक्त सुटतं, पण त्याला वाट नसते. भोवती सूज येते, व्रणासारखं चिवट पेशीजाल जमतं आणि गाठ बनते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या व्रणात, दुर्बिणीच्या छिद्राच्या जागी, क्वचित बाळंतपणात खाली घातलेल्या टाक्यांतही ती झालेली आढळते. कधी तर कुठलंच ऑपरेशन नसताना बेंबीत होते. ते आणखी विरळ.

पाळीबरोबर दुखणं हे मोठं लक्षण, पण सगळ्यांनाच तसं होत नाही. काहींना सतत दुखतं, काहींना फक्त गाठ लागते. म्हणून व्रणाजवळ गाठ आणि मागे सिझर एवढं जुळलं तरी डॉक्टरांच्या मनात हे नाव यायला हवं. सोनोग्राफी शक्यतो गाठ दुखत असताना करावी आणि करणाऱ्याला सिझरचं सांगावं. ठरवून शोधली तर ती सापडते: काळपट, वेड्यावाकड्या कडांची, भरीव, आत रक्तप्रवाह असलेली. खोल असेल तर एमआरआयने किती आत गेली आहे ते कळतं. सुईने पेशी काढून तपासता येतात, पण आधी हर्निया नाही ना याची खात्री हवी. सुई आतड्यात जाणं परवडणारं नाही.

उपाय शस्त्रक्रियाच. गोळ्या-इंजेक्शनांनी दुखणं काही काळ दबतं, गाठ जात नाही. आणि इथेच निदान आधी होण्याचं महत्त्व आहे. चरबीची गाठ सर्जन बोटाने सोलून काढतो, ती सुटतेही सहज. या गाठीला तशी साल नसते, तिची मुळं आजूबाजूला घुसलेली असतात. त्यामुळे भोवतालचा साधारण एक सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन ती काढावी लागते. ती बऱ्याचदा स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेली असते. तेवढा पडदा काढला की भोक राहतं आणि मोठं असेल तर जाळी बसवावी लागते. ‘फॅट’ समजून पंधरा मिनिटांच्या तयारीने आत गेलेल्या सर्जनच्या टेबलावर जाळी नसते. मग तो हाताला येईल तेवढं काढतो, काठावर पेशी राहतात आणि गाठ पुन्हा येऊ शकते. मायक्रोस्कोपखाली तुकड्याच्या काठापर्यंत पोचलेल्या अस्तराच्या ग्रंथी दिसल्या की मला ‘कड मोकळी नाही’ असं लिहावं लागतं. ते वाचून सर्जनचा रागाचा फोन येतो. येऊ दे.

या आजारासाठी गर्भपिशवी काढायची गरज नसते, हेही ठासून सांगते. पोटाच्या आत आजार पसरलाय का ते तपासावं, पण व्रणात गाठ आहे म्हणून आतही असेलच असं नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकरणावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, अशा राज्यात ‘काढून टाकू, कटकट जाईल’ हा सल्ला किती सहज मिळतो हे वेगळं सांगायला नको.

हे वाचून कुणी सिझरला घाबरू नये. गरजेचं सिझर आई आणि बाळ दोघांना वाचवतं, आणि नंतर अशी गाठ होणाऱ्या बायका शंभरात एकापेक्षाही कमी. पण सिझरच वाढली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने झालेलं दिसतं. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर जवळपास निम्मी. इतक्या पोटांवर व्रण असताना हा आजार पुस्तकातच राहील असं समजणं बरोबर नाही. या गाठीत कॅन्सर होणं अतिशय विरळ, पण होऊ शकतो. म्हणून काढलेला तुकडा तपासायलाच हवा. ‘साधीच गाठ होती, टाकून दिली’ हे वाक्य मी फार ऐकलंय. बायोप्सीचे पैसे वाचवायला नातेवाईकच नको म्हणतात, हेही खरं.

लेखकाने पुढच्या अंकात हा राहिलेला भाग द्यावा अशी विनंती. सर्जन मंडळींनाही एक सांगणं आहे. पेशंटला पाळीचं विचारायला संकोच वाटत असेल तर सिस्टरला विचारायला सांगा, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहा: सिझर कधी झालं, गाठ कधीपासून आहे, पाळीत वाढते का. एवढं लिहून आलं तर बाहेरच्या बाकावर कुणाच्या नवऱ्याला लाजवायची वेळ आमच्यावर येणार नाही. आणि बाटली रुंद तोंडाची द्या, तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन घालून.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज