बंदी घाला, पण गाड्या उभ्या करायच्या कुठे?

संपादक महोदय,

गणपती तोंडावर आले की मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्याहून जड वाहनांना बंदी घालणारा आदेश निघतो. जोडून सुट्ट्या आल्या की पुण्याच्या द्रुतगती मार्गावरही सकाळच्या वेळी अवजड वाहने रोखून धरतात. या बंदीला माझा विरोध नाही. माझे गाव माणगावच्या पुढे आहे. २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण अजून रखडलेले, त्यात चाकरमान्यांची गर्दी. तान्ही मुले मांडीवर घेऊन रात्र रात्र एसटीत ताटकळलेले लोक मी पाहिले आहेत. बोरघाटातही खोपोलीच्या पुढे जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. त्या चढावर एक ट्रेलर दुसऱ्याला मागे टाकायला मधल्या लेनमध्ये शिरला की संपलेच. सणासुदीला हे टळायलाच हवे.

पण थांबवलेली गाडी जाते कुठे, हे कोणी विचारत नाही. मी फोर्टमध्ये कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे बंदीच्या दिवसांत ड्रायव्हरांचे फोन माझ्याकडे येतात. गेल्या गणपतीत गावी जाताना आमचीच एक गाडी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापाशी रस्त्याच्या कडेला लावलेली दिसली, म्हणून उतरले. ड्रायव्हर आणि क्लीनरने गाडीच्या आडोशाला ताडपत्री अंथरून स्टोव्हवर भात टाकला होता. हातभर अंतरावरून गाड्या सुसाट जात होत्या. रात्री इंडिकेटर चालू ठेवले तर बॅटरी उतरते, बंद ठेवले तर मागून कोणी येऊन आदळेल ही धास्ती. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून दोघे आळीपाळीने जागत होते. पेट्रोल पंपावरच्या संडासात जायचे तर आधी डिझेल भरा, असे त्यांना ऐकवले गेले होते.

यातले बहुतेक जण फेरीच्या पैशावर काम करतात. गाडी उभी राहिली की भत्ता बुडतो, मालक मात्र माल कधी पोहोचणार म्हणून फोन करत राहतो. मग बंदी उठल्याबरोबर सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि दोन रात्री न झोपलेला माणूस बुडालेला वेळ भरून काढायला स्टिअरिंगवर बसतो. रस्ता मोकळा व्हावा म्हणून केलेल्या बंदीतून आपण हा धोका ओढवून घेतो, आणि याचेच मला सर्वात जास्त भय वाटते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली होती. बंदीचा दिवस हाच त्या सुट्टीचा दिवस का होऊ नये?

जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला रात्री १० पर्यंत रस्त्यावर येता येत नाही. पार्किंगची टंचाई तिथेही आहे, पण नियम कायमचा असल्याने मालवाल्यालाही आठवडा आखता येतो. आपल्याकडे गणपती, दिवाळी, नाताळ कधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेले असते. बंदीचा आदेश मात्र ऐनवेळी निघतो. तोपर्यंत माल गाडीत चढलेला असतो.

परिवहन विभागाने बंदीच्या तारखा आणि वेळा सुट्ट्यांच्या यादीबरोबरच जाहीर कराव्यात. कळंबोली, पळस्पे आणि खालापूर परिसरात अवजड गाड्यांसाठी दिवे, पाणी, संडास आणि रात्रीचा पहारा असलेल्या जागा राखून ठेवाव्यात. उभ्या गाडीचा खर्च माल पाठवणाऱ्याने सोसावा आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यातून सुटावा, असे भाडेकरारातच बंधनकारक करावे. हे सगळे एका वर्षात होणार नसेल, तर पुढच्या गणपतीआधी निदान पळस्प्याची जागा तरी तयार करावी. ती कधी होणार, याचे उत्तर विभागाने आपल्या दैनिकातून द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई